घंटा वाजल्याशिवाय

सोमवार, ५ मार्च

लिहून काढा म्हणे. आज शाळेत समुपदेशक बाई आल्या होत्या. मैदानात मांडवाखाली आम्हा शिक्षकांना गोल करून बसवलं, डोळे मिटायला लावले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कोरी वही दिली. भूकंपानं मनात जे जे हललं ते रोज लिहा, कोणाला दाखवू नका. माझ्या मनात काही हललेलं नाही. मला राग आलाय, आणि राग म्हणजे काही आजार नव्हे. पण वही मिळालीच आहे आणि घरात बोलायची सोय नाही, तेव्हा लिहिते.

सोय नाही ती नवऱ्यामुळे. गुरुवारी दहा चाळीसला जमीन हलली तेव्हा हे गृहस्थ रजेवर होते. कमरेला टॉवेल आणि हातात टीव्हीचा रिमोट, अशा थाटात तीन मजले उतरून रस्त्यावर. तेव्हापासून पंख्याला दोरा बांधून किल्ली टांगलीय आणि समोर खुर्ची टाकून तिच्याकडे टक लावून बसतात. खिडकीतून वारा आला की किल्ली हलते आणि हे ओरडतात, "अगं, आला, आला!" काल मी खिडकी लावली तर म्हणाले, आता बाहेर पडायचं कुठून?

मुद्द्याचं लिहिते. मी शाळेत खेळ शिकवते आणि चार वर्षं भूकंपाचा सराव माझ्याकडे आहे. घंटा वाजली की मुलांनी बाकाखाली जायचं, डोक्यावर दप्तर धरायचं. दुसरी घंटा झाली की रांगेनं मैदानात. दर वर्गाच्या दारावर विजेची घंटा आहे, बटण ऑफिसात. गुरुवारी मी ऑफिसच्या दारातच होते. पहिला हिसका बसला तशी धावले आणि बटण दाबलं. आवाज नाही. वीज गेली होती. वीज गेली तर बॅटरी असते. बॅटरीही नाही. बेचाळीस सेकंद मी ते बटण दाबत होते. नख काळंनिळं झालंय. वर कपाटं आदळत होती, मुलं किंचाळत होती, आणि मी बटण दाबत होते.

बॅटरी आमच्या मामांनी, म्हणजे शाळेच्या शिपायांनी, आदल्या दिवशी पुसायला काढली होती. परत जोडायची विसरले. विसरले! सहावी ब मधल्या एका मुलीच्या अंगावर कपाट आलं, मांडीचं हाड मोडलं. सोळा तारखेला पालकांसमोर चौकशीची बैठक आहे आणि मोठ्या बाईंनी माझा लेखी जबाब मागितलाय. घंटा का वाजली नाही ते मी खरं खरं लिहिणार. मामांची नोकरी जाईल, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना. मला वाईट वाटतं का? नाही.

मंगळवार, ६ मार्च

माणसं एवढी शिकलेली, आणि वेळ आली की कशी वागतात बघा. मोठ्या बाई हजेरीपट छातीशी धरून सगळ्यांच्या आधी मैदानात. क्लार्क बाहेर आला, मग चपला राहिल्या म्हणून परत आत गेला, मग चुकीच्या चपला घेतल्या म्हणून तिसऱ्यांदा! विज्ञानाच्या बाई सहावी ब वर होत्या. त्या दाराच्या चौकटीला मिठी मारून उभ्या राहिल्या, सगळं थांबल्यावरही सोडेनात, बोटं एकेक करून सोडवावी लागली. आठवीची मुलं जिन्यात एकमेकांवर पडली. आणि चित्रकलेचे सर दहा मिनिटं हसत होते. हसत! भीतीनं तसं होतं म्हणे. माझं डोकं फिरलं.

एकच गोष्ट अभिमानानं लिहावी अशी. सहावी ब, माझा वर्ग. अडतीसपैकी एकही मूल पळालं नाही. हाताची घडी घालून, ताठ, जागच्या जागी. मी वर पोचले तेव्हा छताची माती पडून सगळ्यांचे केस पांढरे झाले होते आणि तरी रांगा सरळ होत्या. याला सराव म्हणतात. घंटेनं दगा दिला, माझ्या मुलांनी नाही.

गुरुवार, ८ मार्च

कोणीतरी फोनवर पाठवलं की आज दुपारी चार वीसला मोठा धक्का बसणार. कोण पाठवतं? कुठल्या शहाण्याला जमिनीनं वेळ कळवली? पण चारला अख्खी गल्ली रस्त्यावर. वरच्या मजल्यावरच्या काकू मिक्सर घेऊन खाली आल्या. आमच्या ह्यांच्या डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. साडेचार झाले, पाच झाले, काही हललं नाही. मग लोक सुटकेचा निःश्वास टाकतील की नाही? उलट चिडले. "उगाच खाली आणलं," म्हणून एकमेकांवर खेकसत वर गेले. मोठा धक्का बसला नाही याचंच जणू वाईट वाटलं.

रस्त्यावरून ट्रक गेला तरी हल्ली माणसं जिन्याकडे धावतात. मी धावत नाही.

जबाबाचा कच्चा मसुदा झाला. पहिलं वाक्य: "घंटा वाजली असती तर मुलीला इजा झाली नसती."

शुक्रवार, ९ मार्च

आज चित्रकलेच्या सरांना झाडलं. त्यांचा वर्ग सातवी अ. जमीन हलली तसं ह्यांनी "खाली!" म्हणून बोंब ठोकली आणि स्वतः टेबलाखाली शिरले. त्यांच्या वर्गात पंखा पडला, पण कोणाला खरचटलं नाही, म्हणून पालक त्यांना डोक्यावर घेऊन नाचतायत. मी म्हटलं, सर, घंटेच्या आधी वर्ग हलवायचा नाही हा नियम तुम्हाला ठाऊक होता.

ते म्हणाले, "बाई, जमीन हलत होती. आणखी कसली घंटा पाहिजे होती?"

तळपायाची आग मस्तकात गेली. काल शाळेत आलेला माणूस! ह्यांना काय माहीत मी हा सराव कुठून कुठे आणला. पूर्वी घंटा झाली की मुलं खिदळत, एकमेकांना ढकलत बाकाखाली जायची, पाच-पाच मिनिटं लागायची. मी पंधरा वर्षं शर्यतींना पंच म्हणून उभी राहिलेय. स्टॉपवॉच काढलं. दर महिन्याला वर्गांची स्पर्धा, सगळ्यात कमी सेकंदांत खाली जाणाऱ्या वर्गाला ढाल. मुलं पिसाटली अक्षरशः. सहावी ब चौदा सेकंदांवर आली. अर्थात मुलं घंटेच्या आधीच निघू लागली. मग शर्यतीचा नियम लावला: घंटा वाजल्याशिवाय जो हलला तो फाउल, आणि त्याच्यामुळे अख्खा वर्ग बाद.

नियम कठोर होता, पण एकदाच वापरावा लागला. जानेवारीतली गोष्ट. स्पर्धा व्हायची होती, मुलं घंटेची वाट बघत बसलेली, तेवढ्यात मागच्या रस्त्यानं खडीचा ट्रक गेला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि माझ्या वर्गातली एक पोरगी सुळकन बाकाखाली. एकटीच. वर्ग हसला. मी वर्ग बाद केला, ढाल सातवी अ ला गेली. ती रडायला लागली, "बाई, पण हललं होतं." मी म्हटलं, "घंटा वाजली का? नाही ना? मग हललं नाही." आणि तिचं नाव ठेवलं घाईबाई. महिनाभर सगळी शाळा तिला घाईबाई म्हणत होती. फेब्रुवारीत तिनं अशी काही बैठक मारली की विचारू नका. सगळ्यात शेवटी खाली गेली, पण एकदाही चुळबुळ नाही. मी तिला शाबासकी दिली होती.

हे त्या सरांना कोण सांगणार?

रविवार, ११ मार्च

इस्पितळात जाऊन आले. मुलीला झोपेचं औषध दिलं होतं. पाय वजन लावून टांगलाय. खाट खिडकीशी आहे आणि खिडकीच्या वर मोठा तडा. मी नर्सला म्हटलं, हा तडा दिसत नाही का तुम्हाला, खाट सरकवा. ती म्हणाली, सगळीकडेच तडे आहेत, कुठे कुठे सरकवू? भांडले. खाट हातभर सरकवून घेतली.

तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर आहे. माझे हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, तुमचे उपकार. बाकीची मुलं जिन्यात चेंगरली. माझी वर्गातच राहिली, म्हणून पायावर निभावलं." मी सफरचंदं ठेवली आणि निघाले. उपकार म्हणे.

परवा लिहायचं राहिलं. ही मुलगी म्हणजे घाईबाईच.

सोमवार, १२ मार्च

मामा मांडवामागे पालथ्या बादलीवर बसले होते. मला बघून उठले. मी बोलणारच नव्हते, पण तेच म्हणाले, "बाई, मी कागदावर सही दिली. चूक माझीच लिहिली. तुम्हाला जबाबाला त्रास नको."

मला त्यांचा इतका राग आला! भांडा ना. म्हणा की बॅटरी जुनी होती, म्हणा की शाळा लक्ष देत नाही, म्हणा की एक माणूस झाडू मारेल, पाणी भरेल, घंटा सांभाळेल की पुढाऱ्यांना चहा देईल? हा माणूस भांडतच नाही. मी म्हटलं, "मामा, एवढी कसली घाई सही करायची?" ते म्हणाले, "पोरीचा पाय मोडला. कोणाची तरी चूक असणारच की. माझी तर आहेच."

घरी येऊन जबाब पक्का केला. दीड पान. कुठेही खोटं नाही. तीनदा वाचला, एकही शब्द खोटा नाही. मग झोंबतंय काय मला? ह्यांनी किल्लीच्या शेजारी आता एक ग्लास पाण्यानं भरून ठेवलाय. मी तो उचलून पिऊन टाकला. मोठं भांडण झालं.

मंगळवार, १३ मार्च

इस्पितळाची लिफ्ट बंद. चार मजले चढले. भूकंप होऊन बारा दिवस झाले, लिफ्ट बंद! खाली पाटी लावलीय, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दिलगीर! वर गेले तर वऱ्हांड्यात पंखे नाहीत, माणसं जमिनीवर, आणि एक साहेब फाइल घेऊन तडे मोजतायत. प्रत्येक तड्याला खडूनं आकडा घालतात. मी विचारलं, मोजून काय करणार? म्हणाले, वरती कळवणार. वरती कोण आहे? मी जाब विचारला त्यांना, पाच मिनिटं विचारला. माणसं जमली. एक आजोबा म्हणाले, बरोबर बोलतायत बाई.

हे सगळं आधी लिहिलं, कारण पुढचं लिहवत नाही.

मुलगी जागी होती. बारीक झालीय. मी खुर्चीवर बसले, दुखतंय का विचारलं, ती नाही म्हणाली. मग माझी बाही धरली आणि हळूच, आईला ऐकू जाऊ नये अशी, म्हणाली,

"बाई, या वेळेला मी हलले नाही. वर्ग बाद नाही ना झाला?"

मी म्हटलं, नाही. बाद नाही झाला.

"कपाट हलताना दिसलं होतं मला. पण घंटा नव्हती ना."

तिला बरं वाटलं. मला सांगून तिला बरं वाटलं! ती हसली. मी चार मजले उतरून खाली आले तरी हातातली सफरचंदांची पिशवी तशीच होती.

बुधवार, १४ मार्च

मांडवात सहावी ब चा तास. अकराच्या सुमाराला हलकासा धक्का बसला. तीन सेकंद, जास्त नाही. बाकीचे वर्ग उठून मोकळ्यावर पळाले. सहावी ब हाताची घडी घालून बसली. सदतीस मुलं. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मांडव पडला असता तर?

मी ओरडले, "पळा! बघताय काय?" तेव्हा पळाली. सहाव्या-सातव्या सेकंदाला. धक्का थांबून गेला होता.

जबाब फाडला.

शुक्रवार, १६ मार्च

बैठक झाली.

सातवी अ च्या मोकळ्या वर्गात दोनेकशे पालक, दारं उघडी, अर्धे दाराशीच उभे. काय झालं तर आधी सुटावं म्हणून. मोठ्या बाईंनी बॅटरीचं सांगितलं. मामा एका कोपऱ्यात खाली मान घालून. एकजण ओरडला, "हाकला त्याला!" मग दहाजण. मग सगळेच. पंधरा दिवस जमीन हलतेय आणि जमिनीला काही म्हणता येत नाही, मग एक म्हातारा शिपाई मिळाला, सगळ्यांनी घशातला सगळा जाळ त्याच्यावर काढला. मी काय वेगळं केलं होतं? मीही तेच केलं होतं, दीड पानात, नीट अक्षरात.

माझं नाव पुकारलं. मी नवा जबाब वाचला. बॅटरी नव्हती हे खरं. पण मुलांना बाकाखाली जायचं हे माहीत होतं, जमीन हलतेय हे कळत होतं, आणि तरी ती हलली नाहीत, कारण घंटा वाजल्याशिवाय हलायचं नाही असं मी शिकवलं होतं. जानेवारीत एक मुलगी हलली, तिला मी सगळ्या शाळेसमोर खजील केलं. तिचाच पाय मोडलाय.

मोठ्या बाई मध्येच म्हणाल्या, "बाई, एवढ्या तपशिलाची गरज नाही."

"आहे," मी म्हटलं. "आणि ती ढाल दर महिन्याला तुमच्या हातून दिली जायची, फोटो आहेत, तेही लिहून घ्या." हे जरा जास्त झालं. पण खोटं नाही. परत बोलावं लागलं तरी बोलेन.

मग जो आवाज उठला तो मामांच्या वेळेपेक्षा मोठा होता. एक बाई म्हणाली, "माझ्या पोराला रात्री झोपेतही हाताची घडी घालून बसायची सवय लागलीय, ती तुमच्यामुळे होय!" कोणी म्हणालं, ही बाई मुलांना शिकवते की कैद्यांना? मी उत्तर दिलं नाही. मला येत होतं उत्तर, भांडायला मी कमी नाही. पण ते बरोबर बोलत होते, आणि बरोबर बोलणाऱ्याशी भांडायचं कसं ते मला कधी शिकायची वेळच आली नव्हती.

घाईबाईचे वडील मागे उभे होते. अबोल माणूस. सगळे थांबल्यावर म्हणाले, "तिला खरंच जाणवलं होतं? जानेवारीत?"

मी म्हटलं, "हो."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

ते निघून गेले. मामांना ताकीद देऊन कामावर ठेवलंय. सराव माझ्याकडून काढला, वर्गही काढला, पुढचं संस्था ठरवेल. बाहेर पडताना मामा म्हणाले, "कशाला बोललात बाई?" त्यांच्यावरही ओरडले. तुमच्यासाठी बोलले नाही, म्हटलं. घरी आले तर हे किल्लीसमोर. सगळं ऐकून म्हणाले, "चुकलंच तुझं." पंधरा वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्याशी वाद घातला नाही.

शनिवार, १७ मार्च

वाटलं, वडिलांनी घरी सांगितलं असेल, मला आत घेणार नाहीत. तरी इस्पितळात गेले. त्यांनी सांगितलं नव्हतं. आईनं खुर्ची पुढे केली, चहा विचारला. म्हणजे मलाच सांगायचं होतं.

मी मुलीजवळ वाकून म्हटलं, "जानेवारीत तू म्हणालीस ना, हललं होतं म्हणून. खरंच हललं होतं. काचा वाजल्या, मलाही ऐकू आल्या होत्या. तू बरोबर होतीस आणि मी चूक. तुला कोणी घाईबाई म्हणायला नको होतं. मी तर म्हणायलाच नको होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. काल रात्रीपासून मी तयारीही त्याचीच केली होती, पाठीवर हात कसा ठेवायचा वगैरे. पण तिचा चेहरा लाल लाल होत गेला.

"मग तेव्हा का नाही सांगितलं?" ती म्हणाली. "मला माहीत होतं. मला कपाट दिसत होतं! मला खाली जायचं होतं!" तिनं उशी भिरकावली, ती माझ्या गुडघ्याला लागून पडली. "मी गेले असते! मी सगळ्यांत आधी गेले असते!"

अख्खा वॉर्ड बघायला लागला. आईची धांदल उडाली. "अगं, बाई आहेत त्या! बाईंना असं बोलतात? आधी सॉरी म्हण. म्हण सॉरी."

मुलीनं तोंड उघडलं. आणि माझ्याकडे बघितलं, म्हणू का असं विचारल्यासारखं.

मी काही म्हटलं नाही. नको म्हणू, हेही नाही. तोही माझाच हुकूम झाला असता. दात घट्ट आवळून बसून राहिले. आयुष्यात एवढा वेळ गप्प राहिलेली मला आठवत नाही.

मग ती आईकडे वळून म्हणाली, "नाही म्हणणार." आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी उशी उचलून खाटेवर ठेवली आणि बाहेर आले. तिची आई मागे धावत आली, माफ करा म्हणत होती. तिला म्हटलं, तिला काही बोलू नका. फार राग आलाय तिला. येऊ दे.